चार 'ह' आणि एक घर: जगभरातल्या नमुनेदार घरांची झटपट सफर

बिल्डरच्या जाहिरातीत घरांचे प्रकार तीनच असतात: वन बीएचके, टू बीएचके आणि 'फक्त थोडेच फ्लॅट शिल्लक'. चौकोनी हॉल, चौकोनी बेडरूम आणि बाल्कनी या नावाखाली एक अशी फट, जिच्यात कपडे वाळतात पण खुर्ची मावत नाही. तिकडे जगात लोक जमिनीच्या पोटात राहतात, गवतावर तरंगतात, सूर्यामागे फिरणारा बंगला बांधतात, आणि एका महापौरांनी तर चक्क कमोडच्या आकाराचं घर उभारलं.

अशी घरं पाहिली की पहिला प्रश्न पडतो, 'यांना वेड लागलंय का?' बहुतेकांना नाही. विचित्र घराचा पाया उकरला की चारपैकी एक 'ह' हमखास सापडतो: हवामान, हिशेब, हट्ट, नाहीतर हौस. एकेक करून पाहूच.

पहिला 'ह': हवामान

गाव आहे, पण दिसत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी हे ओपल रत्नांचं गाव. १९१५ मध्ये विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला इथे ओपल सापडलं आणि नशीब काढायला माणसं धावत आली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे. मग ज्या हातांनी खाणी खणल्या त्याच हातांनी टेकड्यांच्या पोटात घरंही खणली. या 'डगआउट' घरांत एसी न लावता बारा महिने २३ ते २५ अंशांच्या आसपास गारवा. वरून दिसतात त्या फक्त हवेसाठी काढलेल्या नळ्या. चर्च जमिनीखाली, हॉटेलही जमिनीखाली. कपाट हवं? भिंतीत कोरा. पाहुण्यांसाठी खोली कमी पडते? आणखी थोडं खणा. खोली वाढवताना ओपल सापडलं आणि खर्च वसूल झाला, असे किस्से गावात चवीने सांगतात. गावात गोल्फचं मैदान आहे, पण त्यावर गवताचं पातं नाही. खेळाडू चेंडू ठेवायला हिरवळीचा तुकडा सोबत घेऊन फिरतात, आणि ऊन टाळायचं असेल तर रात्री चमकणाऱ्या चेंडूने खेळतात.

वारा पकडा, घरात सोडा. इराणमधल्या यझ्द शहरात घरांच्या गच्चीवर उंच बुरूज दिसतात. ते शोभेचे नाहीत, ते 'बादगीर'. वरच्या उभ्या झरोक्यांतून वाऱ्याची झुळूक आत शिरते, बुरुजातून खाली घरात उतरते, वाटेत हौदाच्या पाण्यावरून गेली तर आणखी गार होते. वारा पडला असेल तर तोच बुरूज उलटं काम करतो आणि घरातली तापलेली हवा वर ओढून बाहेर टाकतो. दौलताबाद बागेतला बादगीर तर ३३ मीटर उंच आहे. विजेचं बिल शून्य, मेकॅनिकची वाट पाहणं नाही.

बर्फाचं घर, पण ऊबदार. इग्लूत थंडी वाजत नसेल का? इनुइट लोकांनी ते गणित केव्हाच सोडवलं. घट्ट बसलेल्या बर्फात हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असतात, त्यामुळे आतली ऊब सहजी बाहेर जात नाही. शिवाय दार खाली आणि झोपायचा ओटा वर. जड थंड हवा खाली दाराच्या बोळात साचते, हलकी गरम हवा वर माणसांपाशी राहते. पाचवीच्या विज्ञानातला धडा, राहून दाखवलेला.

पूर आला? घर उचला. नेदरलँड्समधल्या मासबोमेल गावात मास नदीकाठी २००५ मध्ये काही घरं बांधली गेली. एरवी ती शहाण्यासारखी जमिनीवर बसलेली असतात. त्यांचा तळ मात्र पोकळ काँक्रीटचा आहे. नदी फुगली की घर खांबांना धरून सरळ वर सरकतं, साडेपाच मीटरपर्यंत. पाण्याच्या आणि गॅसच्या नळ्या लवचीक, त्याही सोबत वर येतात. पाणी ओसरलं की घर परत आपल्या जागी. दरवर्षी पंचगंगेची पातळी फुटाफुटाने मोजणाऱ्या मंडळींनी हा मजकूर कापून ठेवायला हरकत नाही.

जमीनच घरी बनवायची. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, उरो लोक तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची बेटं विणून त्यावर राहतात. घर त्याच लव्हाळ्याचं, होडी त्याचीच, आणि त्याचा कोवळा बुंधा खायलाही चालतो. बेटाचा तळ पाण्यात कुजत राहतो म्हणून वरून नवे थर टाकत राहावे लागतात. शेजाऱ्याशी अगदीच पटेनासं झालं तर तिथे एक सोपा उपाय सांगतात: बेट करवतीने कापायचं आणि आपला तुकडा घेऊन दुसरीकडे जायचं. तलाठी नाही, मोजणी नाही, तारीख पे तारीख नाही.

गोल घर टिकलं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, पण मातीचे कित्येक 'भुंगे' उभे राहिले. भुंगा म्हणजे गोल भिंतीचं, वर शंकूसारखं गवती छप्पर असलेलं घर. गोल भिंतीला कोपराच नसल्याने धक्क्याचा जोर एका जागी न साठता सगळ्या भिंतीवर वाटला जातो, आणि छप्पर हलकं असल्याने वरचा भार कमी. आतल्या भिंतींवर आरशांचं नक्षीकाम असतं ते वेगळंच.

शिंपल्यांतून ऊन. काच महाग होती तेव्हा गोव्यातल्या जुन्या घरांनी खिडक्यांना शिंपले लावले. चपट्या, जवळजवळ पारदर्शक शिंपल्यांच्या चकत्या लाकडी चौकटींत ओळीने बसवायच्या. उजेड येतो तो दुधाळ, मवाळ होऊन, आणि रस्त्यावरून कोणाला आतलं दिसतही नाही. पडद्याचा खर्च वाचला.

दुसरा 'ह': हिशेब

साहेब आले, घर पाडा! इटलीतल्या अल्बेरोबेल्लो गावात पांढऱ्या भिंतींची, शंकूच्या टोप्या घातलेली 'ट्रुल्ली' घरं आहेत. चुना-मातीचा लेप न वापरता दगडावर दगड रचून ती उभी केलेली. कारण? कर. नेपल्सच्या राजाला नव्या वस्तीवर कर द्यावा लागे. तो चुकवायला इथल्या जहागीरदाराने रयतेला अशीच घरं बांधायला लावली, की तपासनीस येणार असं कळताच ती चटकन मोडता यावीत, असं सांगितलं जातं. वस्तीच नाही तर कर कसला? १७९७ मध्ये राजानेच गावाला जहागीरदाराच्या जाचातून सोडवलं आणि घरं पाडापाडीचा खेळ थांबला. १९९६ पासून हे गाव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

उजेडावर कर. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात घराला खिडक्या किती यावर कर लागे. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या. तिथल्या जुन्या घरांवर आजही अशा आंधळ्या खिडक्या दिसतात. दीडशे वर्षं सरकारने उजेडातून पैसा काढला आणि लोकांनी अंधारात बसून तो वाचवला.

अर्धं घर देतो, चालेल? चिलीमधल्या इकिके शहरात भर वस्तीत झोपड्या टाकून राहिलेल्या सुमारे शंभर कुटुंबांना त्याच जागी घरं द्यायची होती. सरकारी अनुदान कुटुंबामागे ७,५०० डॉलर, आणि त्यातूनच जमीन, गटारं, घर सगळं. एवढ्या पैशात एक तर गावाबाहेर फेकलं जाणार, नाहीतर खुराडं मिळणार. आर्किटेक्ट आलेहांद्रो आरावेना यांनी तिसरा रस्ता काढला: चांगल्या घराचा अर्धा भाग बांधायचा. जे एकट्या कुटुंबाला जमणं अवघड, ते आधी: पक्का सांगाडा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना. शेजारी तेवढीच मोकळी जागा. उरलेलं अर्धं घर लोकांनी जमेल तसं, जमेल तेव्हा बांधलं. २००४ मध्ये सारख्या दिसणाऱ्या रांगा होत्या, काही वर्षांत प्रत्येक पोकळीत वेगळा रंग आणि वेगळी खिडकी आली. २०१६ मध्ये आरावेना यांना प्रित्झकर हा स्थापत्यातला सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी त्यांच्या 'एलेमेंटल' संस्थेने अशा घरांचे आराखडे कोणीही वापरावेत म्हणून फुकट खुले केले.

हे आपल्याकडे आधीच झालं होतं. १९८० च्या दशकात नवी मुंबईत, बेलापूरला, चार्ल्स कोरिया यांनी आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. साधारण सात घरं, मध्ये सामायिक अंगण, अशा गटांची वस्ती. यातली खुबी वरवर पाहून लक्षात येत नाही: दोन घरांत सामायिक भिंत ठेवली नाही. म्हणजे मुलगा नोकरीला लागला, लग्न झालं, खोली वाढवायची झाली तर शेजाऱ्याची परवानगी नको. तिकडे इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी गरिबांना जोतं, संडास-मोरी आणि नळ-वीज एवढाच गाभा दिला. पुढचं घर कुटुंबाने आपल्या ऐपतीने वाढवायचं. आज तिथे ८० हजारांवर लोक राहतात. दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये, आणि २०१८ मध्ये प्रित्झकर मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

पाच मैलांतलं सामान. १९४० च्या दशकात लॉरी बेकर नावाचा तरुण इंग्रज आर्किटेक्ट मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत अडकला होता. तिथे त्याची गाठ गांधीजींशी पडली. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेलं असावं, हा विचार त्याने तिथे ऐकला आणि पुढे आयुष्य भारतात काढलं. केरळात त्याने विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती रूढ केल्या. सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊनही आत कमी येतं. गांधीजी नुसतं सांगत नव्हते. वर्ध्याजवळ सेवाग्रामात ते ज्या कुटीत राहिले ती माती, बांबू आणि कौलांचीच, मीराबेन यांनी बांधून घेतलेली.

स्वस्त म्हणून बांधलं, श्रीमंतांनी घेतलं. माँट्रियालचं 'हॅबिटॅट ६७' हा हिशेब चुकल्याचा नमुना. मोशे साफ्दी यांनी कॉलेजातल्या प्रबंधातून ही कल्पना काढली: कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या ३५४ खोल्या एकमेकींवर तिरक्या-तारक्या रचून १५८ घरं, आणि खालच्याचं छत ती वरच्याची बाग. गर्दीच्या शहरात सामान्यांना स्वस्तात बागेसकट घर मिळावं, हा हेतू. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात ती उभी राहिली खरी, पण खर्च आवाक्याबाहेर गेला. आज ती शहरातली प्रतिष्ठेची, महागडी जागा आहे. म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेल्यांना हा शेवट अपरिचित नसावा.

तिसरा 'ह': हट्ट

भाऊबंदकीचं स्मारक. बैरूतमध्ये १९५४ साली वाटणीवरून दोन भावांचं बिनसलं. एकाने आपल्या वाट्याच्या चिंचोळ्या पट्टीवर इमारत उभी केली ती केवळ भावाच्या घरातून दिसणारा समुद्र झाकायला. सर्वांत अरुंद ठिकाणी तिची रुंदी आहे ६० सेंटीमीटर. लोक तिला 'अल बासा' म्हणतात, म्हणजे 'खुन्नस'. भाऊबंदकीवर फक्त आपलीच मक्तेदारी आहे असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

गल्लीत बंगला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात जॉन हॉलेन्सबरी नावाच्या गृहस्थाला घराशेजारच्या गल्लीतून जाणाऱ्या घोडागाड्यांचा आणि तिथे घुटमळणाऱ्या रिकामटेकड्यांचा वैताग आला. १८३० मध्ये त्याने गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती तशाच ठेवून मध्ये घर बांधून टाकलं. रुंदी सात फूट. दिवाणखान्याच्या विटांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेले ओरखडे अजून आहेत. घर आजही दिमाखात उभं आहे, गल्लीचा प्रश्न कायमचा मिटला आहे.

धबधबा दिसेल म्हटलं होतं. पेनसिल्व्हेनियातले दुकानमालक एडगर कॉफमन यांना आपल्या आवडत्या धबधब्यासमोर घर हवं होतं. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये घर काढलं ते धबधब्यावरच. म्हणजे दिवसभर आवाज ऐकायचा, पाहायचा असेल तर बाहेर जायचं! 'फॉलिंगवॉटर' जगप्रसिद्ध झालं आणि मालकांनी त्याला खासगीत 'वाढती बुरशी' असं नाव ठेवलं, कारण छत ठिकठिकाणी गळत होतं. अधांतरी सज्जे पहिल्यापासून वाकत होते. बांधकाम करणाऱ्यांनी राइट यांना न सांगता जास्तीचं लोखंड घातलं होतं, तरी २००२ मध्ये सज्ज्यांत पोलादी तारा ताणून त्यांना सावरावं लागलं.

काचेचं घर आणि कोर्टाची पायरी. घर पाहावं बांधून म्हणतात. इलिनॉयच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांनी ते मीस व्हॅन डर रोहे यांच्याकडून बांधून घेतलं. १९५१ मध्ये तयार झालेल्या त्या घराला चारही बाजूंनी काच. फोटो अप्रतिम येतात; कपडे कुठे ठेवायचे आणि कुठे बदलायचे हा प्रश्न राहणाऱ्या बाईंचा. खर्चावरून दोघांत वाजलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. शेजारच्या फॉक्स नदीने त्यात भर घातली: पूर येणार म्हणून खांबांवर उचललेल्या या घरात पाणी शिरायचं ते शिरलंच, एकदा नाही, अनेकदा. आता ते संग्रहालय आहे.

जिना जातो छताला. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रायफल कंपनीच्या वारसदार सेरा विंचेस्टर यांनी १८८६ पासून १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घराचं बांधकाम चालू ठेवलं. खोल्या सुमारे १६०. एक जिना थेट छताला जाऊन थांबतो, एक दार उघडलं की पुढे पाय ठेवायला जागाच नाही. रायफलींनी मारलेल्या माणसांच्या भुतांना चकवायला हा गोंधळ, अशी कथा तिकिटाबरोबर ऐकायला मिळते. साधं कारणही आहे: १९०६ च्या भूकंपात वरचे मजले कोसळले आणि बाईंनी ते पुन्हा बांधले नाहीत. मग काही जिन्यांना आणि दारांना पुढे जायला काही उरलंच नाही. भुतं मात्र तिकिटं जास्त खपवतात.

चौथा 'ह': हौस

सूर्यफुलासारखा बंगला. इटलीत व्हेरोनाजवळ अँजेलो इन्व्हर्निझी या इंजिनियरने १९३० च्या दशकात दुमजली बंगला गोल रुळांवर बसवला. मोटर चालू केली की अख्खं घर सूर्याच्या दिशेने फिरायचं. एक पूर्ण फेरी नऊ तास वीस मिनिटांची, त्यामुळे चहाचा कप हलायचा नाही. घराचं नाव अर्थातच 'सूर्यफूल'. पुढे १९९४ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात रोल्फ डिश यांनी सूर्यामागे फिरणारं 'हेलिओट्रोप' बांधलं. सौर पॅनेलमुळे ते वापरतं त्याच्या काही पट वीज तयार करतं. म्हणजे एकाची हौस पुढे दुसऱ्याच्या हिशेबात बसली.

रद्दीवाल्यापासून दूर ठेवा. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकपोर्टला एलिस स्टेनमन या इंजिनियरने १९२२ मध्ये उन्हाळी घर बांधायला घेतलं. लाकडी सांगाडा, आणि भिंती वर्तमानपत्रांच्या: २१५ थर एकावर एक, वर वॉर्निश. चिकटवायला पीठ, पाणी आणि सफरचंदाच्या साली. सुमारे एक लाख वर्तमानपत्रं लागली. मग चटकच लागली म्हणून खुर्च्या, टेबलं, दिवे, घड्याळ हेही कागदाचेच. पियानो मात्र खरा, फक्त कागदाने मढवलेला. विस्तवाची जागा तेवढी विटांची, कारण इंजिनियर हौशी होता, मूर्ख नव्हता. वॉर्निशचे पापुद्रे निघतात तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या बातम्या वाचता येतात.

महापौरांचा कमोड. दक्षिण कोरियातल्या सुवॉनचे माजी महापौर सिम जे-दक यांनी स्वच्छतागृहांच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता. २००७ मध्ये त्यांनी आपलं तीस वर्षांचं जुनं घर पाडून कमोडच्या आकाराचं नवं घर बांधलं, जागतिक शौचालय संघटनेच्या स्थापनेचं निमित्त साधून. मधोमध काचेचं स्वच्छतागृह. कोणी आत गेलं की काच धुरकट होते. आज तिथे संग्रहालय आहे आणि शाळेच्या सहली येतात.

कुशीवर वळायच्या आधी विचार करा. वॉर्सात दोन इमारतींमधल्या फटीत २०१२ मध्ये याकुब श्चेन्स्नी यांनी घर बसवलं. अरुंद ठिकाणी ९२ सेंटीमीटर, रुंद ठिकाणी १५२. वर जायला शिडी. ते इस्रायली लेखक एटगार केरेत यांच्यासाठी, म्हणून नाव 'केरेत हाउस'. बांधकामाच्या नियमांत ते कुठेच बसेना, तेव्हा सरकारदरबारी नोंद झाली 'कलाकृती' म्हणून. आपल्याकडे ही पळवाट अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही, हे शहरांचं नशीब.

मरण टाळणारा फ्लॅट. टोकियोजवळच्या मिताकामध्ये अराकावा आणि मॅडेलिन गिन्स या जोडप्याने २००५ मध्ये नऊ फ्लॅट बांधले. रंग भडक, जमीन उंचसखल, एक खोली गोलाकार, कपाटाऐवजी छताला आकडे. आराम माणसाला लवकर संपवतो, शरीर सतत सावध राहिलं तर मृत्यूही मागे सारता येईल, असा त्यांचा दावा. अराकावा २०१० मध्ये गेले, गिन्स २०१४ मध्ये. फ्लॅट अजून ठणठणीत आहेत.

हात पोचेल तिथवर तुमचं. व्हिएन्नाचे चित्रकार हुंडर्टवासर यांना सरळ रेषेचा तिटकारा. १९८५ मध्ये पुऱ्या झालेल्या त्यांच्या इमारतीत ५२ घरं, खालीवर होणाऱ्या फरश्या, गच्च्यांवर आणि खिडक्यांतून डोकावणारी अडीचशे झाडंझुडपं. सर्वांत मजेशीर आहे तो भाडेकरूचा हक्क: खिडकीतून हात बाहेर काढून जिथवर पोचेल तिथवरची भिंत हवी तशी रंगवा. इथे कुरूप काही उभं राहू नये एवढ्यासाठीच हे केलं, असं म्हणत हुंडर्टवासर यांनी मानधन घेतलं नाही.

घर कोपऱ्यावर उभं. रॉटरडॅममध्ये पीट ब्लोम यांनी १९८४ मध्ये घनाकृती घरं ४५ अंशांत कलती करून खांबांवर ठेवली. प्रत्येक घर म्हणजे झाड आणि सगळी मिळून रान, ही कल्पना. भिंती कललेल्या असल्याने साधारण १०० चौरस मीटरपैकी पाव जागा वापरताच येत नाही, आणि फर्निचर मुद्दाम बनवून घ्यावं लागतं. आत कसं दिसतं हे विचारणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा एक घर तिकीट लावून खुलं केलं गेलं.

भविष्यातली घरं, जी भूतकाळात जमा झाली

हौसेचा एक पोटप्रकार म्हणजे 'उद्याचं घर'. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये मॉन्सँटो कंपनीने पूर्ण प्लॅस्टिकचं घर मांडलं. दहा वर्षांनी पाडायला गेले तर लोखंडी गोळा भिंतीवर आदळून परत येऊ लागला. शेवटी ते कापून काढावं लागलं.

१९६८ मध्ये फिनलंडच्या मात्ती सूरोनेन यांनी 'फुतूरो' काढलं: फायबरग्लासची उडती तबकडी, हेलिकॉप्टरने उचलून डोंगरावर ठेवता येईल अशी. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, प्लॅस्टिक महागलं आणि शंभरचा आकडा गाठण्याआधीच उत्पादन थंडावलं.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरची. किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये दोन मनोऱ्यांना १४० खोके बोल्टने जोडले. प्रत्येक खोका दहा चौरस मीटरचा, त्यात पलंग, टीव्ही, टेपरेकॉर्डर, इवलंसं न्हाणीघर आणि एक मोठी गोल खिडकी. खोका दर २५ वर्षांनी काढून नवा बसवायचा, ही योजना. एकही बदलला गेला नाही. कारण खालचा काढायचा तर आधी वरचे काढावे लागत. २०२२ मध्ये टॉवर पाडला गेला. २३ खोके वाचवले आणि त्यातले काही संग्रहालयांत गेले.

मग टिकतं काय?

यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला, एक गोष्ट ध्यानात येईल. डिझाइन करणाऱ्याने शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला, ती घरं बहुतेक तिकीट काढून पाहायची झाली. राहणाऱ्याला ज्यात हात घालता आला, ती घरं नांदती राहिली: कूबर पेडीत खोली खणता येते, टिटिकाकात थर टाकता येतो, इकिकेत अर्धं घर आपलं आपण बांधता येतं, व्हिएन्नात खिडकीभोवती रंग देता येतो. विचित्र दिसणं हा घराचा दोष नाही. बदलू न देणं हा आहे.

हे पडताळायला पासपोर्ट लागत नाही. सेवाग्रामची बापू कुटी वर्धा स्टेशनपासून जवळ आहे, आणि आर्टिस्ट्स व्हिलेज सीबीडी बेलापूर स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. बेलापुरात कोरियांची मूळ घरं थोडीच उरली आहेत. बाकीची लोकांनी वाढवली, रंगवली, काहींनी पाडून नवी बांधली. घरं आपल्या माणसांप्रमाणे वाढावीत, ही तर कल्पनाच होती. जरूर जा. फक्त तिथे लोक राहतात, हे विसरून खिडक्यांतून डोकावू नका.